बर्फावर पहिल्यांदा जाताना : सुती कपडे घरी ठेवा

आपल्या मारेगाव-वणी भागात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, नाहीतर लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्यात. तरीसुद्धा अलीकडे दिवाळी सरली की दवाखान्यात एक नवी मागणी येऊ लागली आहे. "डॉक्टरसाहेब, पोरगा मनालीला स्कीइंग शिकायला चालला, फिटनेसचे सर्टिफिकेट पाहिजे." कुणी कॉलेजच्या मित्रांबरोबर निघालेला असतो, कुणी नवीन लग्न झालेले जोडपे गुलमर्गचे तिकीट काढून आलेले असते. स्कीइंग शिकवणाऱ्या संस्था प्रवेशाच्या अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला मागतात. रक्तदाब, छाती, हृदय, वजन तपासून तो देता येतो. पण मी पुढे विचारतो, "बॅगेत काय काय भरले?" उत्तर बहुधा ठरलेले असते. दोन जीन्स, चार बनियन, सुती मोज्यांचे सहा जोड आणि एक जाड जाकीट. ही बॅग घेऊन नागपूरच्या थंडीत निभेल, बर्फावर निभणार नाही. म्हणून आजचा लेख खास या मंडळींसाठी.

जायचे कोठे आणि ते किती उंच?

स्की म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांब, चपट्या पट्ट्या. त्यांवर उभे राहून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे. हातात तोल सांभाळायला दोन काठ्या, पायात टणक बूट आणि बूट पट्टीला जोडणारे एक कुलूप. त्याला बाइंडिंग म्हणतात. एवढाच सगळा सरंजाम.

आपल्याकडची मंडळी प्रामुख्याने तीन ठिकाणी जातात. हिमाचलात मनालीजवळचे सोलंग खोरे, काश्मीरमध्ये गुलमर्ग आणि उत्तराखंडात जोशीमठच्या वरची औली. मनालीला १९६१ साली स्थापन झालेली पर्वतारोहण संस्था आहे, तिचे स्कीइंगचे वर्ग सोलंगला भरतात. गुलमर्गलाही केंद्र सरकारची स्कीइंगची संस्था आहे. साधारणपणे जानेवारी ते मार्च हा हंगाम असतो.

आता उंचीचा विचार करू. आपले मारेगाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आतबाहेर आहे. सोलंग सुमारे २,५०० मीटर, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर आणि औलीचे उतार २,५०० ते ३,००० मीटरवर आहेत. गुलमर्गच्या रोपवेचा दुसरा टप्पा तर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. गुलमर्गला एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने पाऊणच असतो. थंडी, वारा, विरळ हवा आणि डोळे दिपवणारे ऊन या चार गोष्टी तेथे एकाच वेळी अंगावर येतात. कपडे निवडायचे ते या चारही गोष्टी ध्यानात ठेवून.

खरा शत्रू थंडी नव्हे, ओल

आपला जिल्हा कापसाचा. पऱ्हाटीच्या जिवावर इथली घरे उभी राहिली, पोरे शिकली. आपल्या उन्हाळ्याला सुती कपड्यासारखा दुसरा कपडा नाही. मे महिन्यात सुती सदरा घाम टिपतो, ओला होतो, वाऱ्याने सुकतो आणि अंग गार करतो. हाच गुण बर्फावर घातक ठरतो. स्की शिकताना माणूस सारखा पडतो, उठतो, चढ चढतो. उणे तापमानातही त्याला घाम फुटतो. सुती बनियन तो घाम पिऊन घेते आणि अंगाला चिकटून बसते. कोरड्या हवेपेक्षा पाणी शरीराची ऊब सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. मग माणूस विसाव्याला थांबला की दहा मिनिटांत कुडकुडू लागतो. जीन्सचेही तसेच. ती एकदा बर्फात बसून भिजली की दिवसभर वाळत नाही आणि गारठून लाकडासारखी कडक होते.

त्यात वाऱ्याची भर पडते. हवा उणे १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २१ अंशांसारखी लागते. शिवाय उतारावरून घसरणारा माणूस स्वतःच्या वेगाने स्वतःचा वारा तयार करतो, हेही विसरू नये.

तीन थरांची रीत

एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घालावेत. दोन थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि गरम झाले की एक थर उतरवता येतो.

पहिला थर अंगालगतचा. तो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, पूर्ण बाह्यांचा आणि अंगाबरोबर बसणारा असावा. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या एक टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे घाम बाहेरच्या थराकडे सरकतो. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेते आणि तरी ऊब सोडत नाही. दुकानात 'थर्मल' म्हणून मिळणाऱ्या कपड्यांत पुष्कळदा सूत मिसळलेले असते. आतली चिठ्ठी वाचूनच घ्यावे.

दुसरा थर उबेचा. लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट चालते. हिवाळ्यात शहरांतून भरणाऱ्या तिबेटी स्वेटर बाजारात हे बेताच्या दरात मिळते. स्वेटर खऱ्या लोकरीचा आहे की नाही, हे घरी आल्यावर ओळखण्याची जुनी रीत अशी : शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते. कृत्रिम निघाला म्हणून टाकून देऊ नये. मधल्या थराला तोही चालतो, फक्त त्यात सूत नको.

तिसरा थर वारा आणि पाणी अडवणारा. जाकीट आणि पँट दोन्ही. पँटवर पाणी ओतून पाहावे. थेंब घरंगळून गेले पाहिजेत. जाकिटाला काखेत चेन असेल तर उत्तम, चढताना ती उघडून वाफ बाहेर सोडता येते. रेनकोटचे प्लास्टिक मात्र कामाचे नाही. ते बाहेरचे पाणी अडवते, पण आतला घामही कोंडते.

मनालीहून वर जाताना रस्त्याकडेच्या दुकानांत लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. तासभर फोटो काढायला ते ठीक आहेत. मात्र हे कपडे शेकडो लोकांच्या अंगावरून आलेले असतात. नायटा आणि खरूज अशा कपड्यांतूनही येऊ शकतात. आत स्वतःचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि स्वतःचे मोजे असल्याशिवाय ते चढवू नयेत.

हात, डोके, डोळे

हातमोजे बाहेरून पाणी न शिरणारे हवेत. नुसते विणलेले लोकरी हातमोजे पहिल्याच पडण्यात भिजतात. शक्य तर दोन जोड न्यावेत. कानटोपी घ्यावी, पण गळ्याभोवती लांब दुपट्टा गुंडाळू नये. त्याचे सुटे टोक वर ओढून नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकून गळ्याला फास बसू शकतो. गळ्यासाठी शिवलेली लोकरी नळी मिळते, ती वापरावी.

हेल्मेट हवेच. मोटरसायकलचे नव्हे, स्कीचे. ते भाड्याने मिळते. डोके डावे-उजवे हलवले तरी हेल्मेट जागचे हलता कामा नये. खाली पातळ टोपी चालेल, गोंड्याची जाड टोपी नको.

डोळ्यांबद्दल सर्वांत जास्त हयगय होते. दर हजार मीटर उंचीला उन्हातील अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरणे परत डोळ्यांवर फेकतो. वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे रात्री कसे 'येतात' हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. बर्फावर उघड्या डोळ्यांनी दिवस काढला की तोच प्रकार होतो. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग, पाणी आणि उजेड सहन न होणे सुरू होते. ढगाळ दिवशीही हे घडते. म्हणून पूर्ण अतिनील संरक्षण लिहिलेला, बाजूंनी बंद असलेला गॉगल घ्यावा. नुसती काळी काच फसवी असते. त्यामागे बाहुली मोठी होते आणि काच किरणे अडवणारी नसेल तर उलट जास्त किरणे आत जातात. नाक, कान, ओठ आणि हनुवटीच्या खालची बाजू यांना सनस्क्रीन लावावे. बर्फावरचे ऊन खालूनही लागते.

विकत काय, भाड्याने काय?

पहिल्याच सहलीसाठी स्की, बूट, काठ्या विकत घेण्याच्या फंदात पडू नये. शिकण्याच्या जागी ते भाड्याने मिळतात आणि संस्था बहुधा स्वतःच देतात. साधा नियम असा : जे अंगाला लागते ते स्वतःचे, जे पायाला बांधायचे ते भाड्याचे. आतले कपडे, मोजे, हातमोजे, टोपी, गॉगल घरून न्यावेत. बाहेरचे जाकीट आणि पँट एखाद्या नातेवाइकाकडे असेल तर मागून घ्यावे. पैसे थोडेच असतील तर ते आधी मोजे, हातमोजे आणि गॉगलवर खर्च करावेत, जाकिटाच्या रंगावर नंतर.

बूट : घाई करू नका

भाड्याच्या सामानात सर्वांत जास्त वेळ बुटांना द्यावा. स्कीच्या बुटाचा नंबर आपल्या चपलेच्या नंबरासारखा नसतो, तो पावलाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये असतो. घरीच कागदावर टाच भिंतीला टेकवून उभे राहावे, सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी आणि अंतर मोजावे. दोन्ही पायांचे माप लिहून न्यावे.

आपली सवय ढगळ चपलेची. त्यामुळे नवखा माणूस मोठा बूट मागतो आणि आत दोन-दोन मोजे घालतो. हे दोन्ही चुकीचे आहे. ढगळ बुटात टाच वर उचलते, स्कीवर ताबा राहत नाही आणि फोड येतात. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. मोजा एकच, पातळ किंवा मध्यम, लोकरमिश्रित, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा आणि सुरकुती न पडलेला असावा. बुटात मोज्याशिवाय काहीही जाता कामा नये. थर्मलची किनार आत दुमडली गेली तर नडगीवर वळ उठतात.

बूट घातल्यावर ताठ उभे राहावे. बोटे पुढे हलकीशी टेकली पाहिजेत. मग गुडघे पुढे वाकवावेत. बोटे जराशी मागे सरकली आणि टाच जागेवर घट्ट राहिली, तर बूट बरोबर आहे. दहा मिनिटे दुकानातच चालून पाहावे. एखाद्या ठिकाणी टोचले किंवा बोटे बधिर झाली तर संकोच न करता दुसरा जोड मागावा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

बाइंडिंग : नडगी वाचवणारे कुलूप

या कुलपाचे काम दुहेरी आहे. घसरताना बूट पट्टीला धरून ठेवायचा आणि माणूस विचित्र पडला की सोडून द्यायचा. ते वेळेवर सुटले नाही तर एवढी लांब पट्टी तरफेसारखी पायाला पिळते. कुलपावर एका छोट्या खिडकीत आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितके कुलूप सुटायला अवघड. हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगमधील तयारी पाहून लावायचा असतो आणि तो जाणकारानेच लावावा. आपण एवढेच करावे : वजन खरे सांगावे, "मला येते" अशी फुशारकी मारू नये आणि पन्नाशी ओलांडली असेल तर तसे सांगावे, कारण त्या वयात आकडा कमी ठेवतात. मित्राची स्की बदलून घेऊ नये. बूट बदलला तर आकडा पुन्हा पाहून घ्यावा. बूट अडकवण्यापूर्वी तळव्याचा बर्फ झटकावा, नाहीतर कुलूप नीट बसत नाही.

चांगल्या कुलपांमुळे नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण जगभर खूप घटले आहे. गुडघ्याच्या आतील दोरीला, म्हणजे लिगामेंटला, मात्र त्यांचे पुरेसे संरक्षण मिळत नाही. म्हणून तोल गेला की कुशीवर पडावे, घसरणे थांबेपर्यंत उठण्याची धडपड करू नये. पडताना काठी घट्ट धरून ठेवू नये, अंगठ्याची दोरी त्यानेच तुटते.

नवशिक्याची स्की उभी धरली असता हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी. लांब स्की वेगाने पळते आणि वळत नाही. काठी उलटी करून तिच्या चकतीखाली धरावी. कोपर काटकोनात आले की माप बरोबर.

आणि जाण्यापूर्वी दीड महिना रोज उठाबशा, जिना चढ-उतार आणि एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. थकलेल्या मांड्या गुडघा सांभाळू शकत नाहीत. दुपारनंतर पाय थरथरू लागले की "एक शेवटची फेरी" टाळावी.

आपल्या भागासाठी खास : सिकलसेल

सामानाची यादी पुरी झाली, पण आपल्या जिल्ह्यातील वाचकांसाठी एक गोष्ट मी कपड्यांपेक्षाही महत्त्वाची मानतो. विदर्भात आदिवासी समाजात आणि इतरही अनेक समाजांत सिकलसेलचा दोष आढळतो. या दोषात प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी कमी झाले किंवा कडाक्याची थंडी लागली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. बर्फाच्या डोंगरावर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे ज्याचा अहवाल 'एसएस' आहे, त्याने या सहलीचा बेत करू नये, असेच माझे सांगणे आहे. ज्याचा अहवाल 'एएस' आहे तो वाहक. बहुतेक वाहकांना काही त्रास होत नाही. पण फार उंचीवर वाहकाच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. वाहकाने आधी डॉक्टरांशी बोलावे, भरपूर पाणी प्यावे, रोपवेने एकदम वरच्या टप्प्यावर जाऊ नये आणि डाव्या बरगडीखाली जोराचे दुखू लागले तर ताबडतोब खाली उतरून दवाखाना गाठावा व "मी सिकलचा वाहक आहे" हे तेथे सांगावे. पहाडातल्या डॉक्टरला ही शंका आपणहून येईलच असे नाही.

अहवालच नसेल तर जाण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियानही सुरू झाले आहे. पहिली साधी चाचणी दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे कळण्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी करावी लागते. ती अर्धवट सोडू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी पायांची संवेदना तपासून घ्यावी. पाय बधिर असेल तर बूट टोचलेला कळत नाही. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते बॅगेत न ठेवता आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवावे. दम्याच्या रुग्णांनी पंप जवळ बाळगावा. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

धोक्याच्या खुणा

पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेची लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर मुक्कामाला जाऊ नये. वाढली तर खाली उतरावे. धाप विश्रांतीतही थांबेना किंवा चाल झोकांडी जाऊ लागली तर एक तासही थांबू नये.

बोटे, नाक किंवा कान पांढरे व बधिर झाले तर ते बर्फाने चोळू नयेत आणि शेकोटीवर धरू नयेत. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. आत यावे, ओले कपडे काढावेत आणि तो भाग ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मात्र सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत तसाच झाकून ठेवावा. सोबतचा माणूस कुडकुडताना बोबडे बोलू लागला, अडखळू लागला, तर त्याच्या शरीराचे तापमान घसरते आहे असे समजावे. त्याला कोरडे करून पांघरुणात घ्यावे, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्यावा आणि डॉक्टरांना बोलवावे.

दारूने ऊब येते हा समज खोटा आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटते आणि शरीराची ऊब बाहेर निघून जाते. तसेच रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय, आवाजाशिवाय झोपेतच माणसाला नेतो.

कात्रण करून ठेवण्यासाठी यादी

१. लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे आतले कपडे, दोन जोड
२. स्वेटर किंवा फ्लीस, एक
३. वारा व पाणी अडवणारे जाकीट आणि पँट
४. लोकरमिश्रित लांब मोजे, तीन जोड (रोज कोरडा जोड)
५. पाणी न शिरणारे हातमोजे, दोन जोड
६. कानटोपी, गळ्याची नळी, गॉगल, सनस्क्रीन
७. नेहमीची औषधे व सिकलसेलचा अहवाल
८. पावलाचे माप, वजन आणि उंची लिहिलेली चिठ्ठी

या यादीत एकही सुती कपडा नाही, हे कापूस पिकवणाऱ्या वाचकांनी मनाला लावून घेऊ नये. परतीच्या गाडीत घालायला सुती कपड्यांचा एक जोड बॅगेच्या तळाशी जरूर ठेवावा. नागपूर स्टेशनवर उतरल्यावर त्याच्यासारखे सुख नाही.